एकच प्रत पुरेशी नाही

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी बंगालमधील सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. डॉ. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण (१८०५) व मराठी कोश (१८१०) येथूनच निघाले होते. कागद, खिळे, हस्तलिखिते जळाली. परंतु अक्षरांचे पोलादी ठसे ढिगाऱ्यात शाबूत सापडले, वितळलेला धातू पुन्हा ओतला गेला, व थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली. केरींच्या बहुभाषिक कोशाचे हस्तलिखित मात्र गेले. तो कोश पुढे कधीच पुरा झाला नाही. ज्याचा ठसा होता ते परत आले. ज्याची एकच प्रत होती ते गेले.

आज आपल्या नोंदी संगणकात असतात. मंडळीचे हिशेब, शब्बाथ शाळेची हजेरी, जुन्या बाप्तिस्मा-नोंदवहीची छायाचित्रे. डिचोली तालुक्यातील सर्वणसारख्या गावी पावसाळ्यात दमट हवा असते, वीज जाते-येते, मेघगर्जनेत विजा पडतात. संगणक एका क्षणात बंद पडू शकतो. मग आपण काय करावे?

पहिले, प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात. तिन्ही एकाच कपाटात ठेवल्यास पाणी शिरताच तिन्ही जातील.

दुसरे, प्रत घेतल्यावर हार्ड डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिल्यास विजेचा झटका किंवा व्हायरस तिलाही सोडणार नाही.

तिसरे, फोन व संगणक आपोआप जुळवून घेणारी सोय म्हणजे राखीव प्रत नव्हे. एकीकडे चुकून पुसले की दुसरीकडेही पुसले जाते.

चौथे, प्रत उघडून पाहावी. आम्ही स्वतः वर्षभर पेन ड्राइव्हवर हिशेब उतरवीत होतो. गरज पडली तेव्हा एकही फाइल उघडेना. पावत्या पुढे घेऊन सर्व हिशेब पुन्हा लिहावा लागला. नोंदवहीची गोष्ट वेगळी; तिला पावत्या नसतात.

नोंदींत लोकांची नावे व जन्मतारखा असतात, म्हणून बाहेर ठेवलेल्या प्रतीस पासवर्ड घालावा व तो दोघा जबाबदार व्यक्तींस ठाऊक असावा.

विचारासाठी प्रश्न : (१) आपल्या मंडळीची कोणती नोंद आज एकाच ठिकाणी आहे? (२) तिची दुसरी प्रत कोण, कोणत्या दिवशी घेईल? (३) ती उघडते की नाही, हे कोण पाहील?