वाचकांचे प्रश्न : सहल बँकॉकची, पावती कोणाच्या नावाने?

प्रश्न : आम्ही सांगलीत राहतो. यजमान खासगी कंपनीत नोकरीला आहेत, वर्षाचा पगार १४ लाख. मी घरी शिकवण्या घेते, मुलगी आठवीत आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या. त्या अजून एकदाही विमानात बसलेल्या नाहीत. जानेवारीच्या अखेरीस पाच रात्रींसाठी बँकॉक आणि फुकेत असा बेत आहे. सहल कंपनीने चौघांचे जीएसटीसह २ लाख ४० हजार सांगितले, वर १२ हजार टीसीएस. आमच्याकडे दीड लाख साठले आहेत. सासूबाईंची ४ लाखांची मुदत ठेव नुकतीच पुरी झाली आणि सगळा खर्च मीच करणार असे त्या म्हणत आहेत. पैसे त्यांच्या खात्यातून येणार तर पावतीही त्यांच्याच नावाने करू, असे कंपनीच्या माणसाचे म्हणणे. त्यांनी आजवर कधी विवरणपत्र भरलेले नाही, बँकेत दरवर्षी फॉर्म १५एच देतात. हे १२ हजार बुडाले असे समजायचे का? तिकीट आणि हॉटेल आपले आपण काढले तर हा कर टळेल का? की थोडे कर्ज काढून त्यांच्या पैशाला हातच लावू नये?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : आधी पावतीचे बोलू, कारण तिथे चूक झाली तर ती निस्तरायला वर्ष जाते. पावती सासूबाईंच्या नावाने करू नका.

टीसीएस म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरलेला प्राप्तिकर. २०२५-२६ या आर्थिक वर्षात परदेशी सहलीच्या पॅकेजवर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर २० टक्के असा त्याचा दर आहे. जीएसटी गेला तो गेला, टीसीएस मात्र तुमच्या खात्यावर जमा राहतो. ज्याच्या पॅनवर पावती फाटते, त्याच्या २६एएस विवरणात ही रक्कम दिसते आणि त्याच्याच करातून ती वळती होते. कर लागतच नसेल तर परतावा मिळतो, पण विवरणपत्र भरले तरच.

सासूबाईंच्या बाबतीत अडचण इथेच आहे. त्यांना कर लागत नाही, त्या विवरणपत्र भरत नाहीत. त्यांच्या पॅनवर टीसीएस जमा झाला तर ते १२ हजार सोडवण्यासाठी विवरणपत्र भरावेच लागेल. दुसरी गोष्ट सहल कंपन्या सहसा सांगत नाहीत. एखाद्या व्यक्तीने वर्षभरात स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्याही परदेश प्रवासावर २ लाखांपेक्षा जास्त खर्च केला, तर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असले तरी विवरणपत्र भरणे कायद्याने बंधनकारक होते. प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३९ मध्येच ही अट आहे. नातीला समुद्र दाखवला म्हणून उद्या आजीला नोटीस यावी, असे होऊ देऊ नका.

मग पैसे कसे फिरवायचे? सासूबाईंना जे द्यायचे आहे ते त्यांनी मुलाच्या खात्यात बँकेतून वर्ग करावे, रोख नको. आईने मुलाला दिलेल्या भेटीवर मुलाला कर लागत नाही. 'ही रक्कम मी मुलाला भेट देत आहे' असे दोन ओळींचे पत्र सहीनिशी घरच्या फायलीत ठेवा. पॅकेजचे पैसे यजमानांच्या खात्यातून जाऊ द्या, पावती त्यांच्या नावाने आणि त्यांच्या पॅनवर घ्या. ते विवरणपत्र भरतच असणार, त्यामुळे दोन लाखांच्या अटीचे ओझे वेगळे येत नाही.

शिवाय एक सोय त्यांच्या हाताशी आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून पगारदार माणसाला आपला टीसीएस मालकाला कळवता येतो. त्यासाठी फॉर्म १२बीएए आहे. तो भरून पावतीसह कार्यालयातल्या लेखा विभागात दिला की पुढच्या पगारांतून तेवढा टीडीएस कमी कापला जातो. १४ लाख पगारावर नवीन पद्धतीने, ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून, वर्षाचा कर सुमारे ८१,९०० रुपये होतो, म्हणजे महिन्याला ६,८०० च्या आसपास. त्यातून १२ हजार मार्चपर्यंत आरामात वळते होतील, परताव्याची वाट पाहत बसायला नको. (ज्यांचा पगार १२ लाख ७५ हजारांच्या आत आहे त्यांना या वर्षी नवीन पद्धतीत करच नाही, त्यामुळे टीडीएसही नाही. त्यांना मात्र विवरणपत्रातूनच परतावा मागावा लागेल.)

स्वतः आरक्षण केले तर टीसीएस टळतो, हे खरे. प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की नुसते विमानाचे तिकीट किंवा नुसते हॉटेल म्हणजे पॅकेज नव्हे. तिकीट, निवास आणि तशाच स्वरूपाचा इतर खर्च यांतल्या किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या तर ते पॅकेज ठरते. पण परत मिळणाऱ्या रकमेसाठी हा निर्णय घेऊ नका. दोन्ही बाजूंची एकूण किंमत मांडा, टीसीएस दोन्हींकडून वगळा आणि मग तुलना करा. पहिली परदेशवारी, सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई, अशा वेळी विमानतळावर उतरल्यावर गाडी आणि माणूस हजर असणे याला मी किंमत देतो. पॅकेज दहा-बारा हजारांनी महाग पडत असेल तर घ्या. त्याहून फरक मोठा असेल तर स्वतः करा.

फुकेतबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. बँकॉकहून फुकेत म्हणजे चौघांची जाता-येता मिळून देशांतर्गत विमानाची आठ तिकिटे, आणि पाच रात्रींतला जवळजवळ एक दिवस विमानतळांवर. तुम्हाला शहर हवे आणि समुद्र हवा, तर हुआ हिनचा विचार करा. बँकॉकच्या नैर्ऋत्येला साधारण २०० किलोमीटरवर, थायलंडच्या आखातावरचे हे गाव. १९२० च्या दशकात राजा सातवा राम याने तिथे उन्हाळी राजवाडा बांधला, तेव्हापासून थाई कुटुंबांची ही आवडती जागा आहे. बँकॉकहून रेल्वेने तीन-चार तासांत पोचता येते, सुवर्णभूमी विमानतळावरून थेट बसही आहे. लांबच लांब सपाट किनारा, रात्रीचा बाजार, जुने लाकडी रेल्वे स्थानक. सासूबाईंना सकाळ-संध्याकाळ वाळूत चालता येईल आणि मुलीला घोड्यावर बसता येईल. पट्टाया जवळ आहे, सुमारे दीडशे किलोमीटर, पण तिथली रात्रीची गजबज या कुटुंबाला मानवेल असे मला वाटत नाही. जानेवारीत आखाताच्या या बाजूला हवा कोरडी असते.

तारखांकडेही लक्ष द्या. २६ जानेवारी २०२६ ला सोमवार आहे, म्हणजे जोडून सुट्टी, आणि त्या शुक्रवारी-शनिवारी निघणाऱ्या विमानांचे भाडे चढलेले असणार. मंगळवार-बुधवारी निघाल तर तेच आसन बहुधा स्वस्त मिळेल. मुलीची शाळा तीन-चार दिवस बुडेल, ते वर्गशिक्षिकांशी आधी बोलून घ्या. सहल पुढे ढकलायची झाली तर १७ फेब्रुवारीचा आठवडा टाळा. तेव्हा चिनी नववर्ष आहे आणि बँकॉकची हॉटेले भरलेली असतात.

आता कर्ज. सहलीसाठी कर्ज काढू नका. एक लाखाचे वैयक्तिक कर्ज १५ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ४,८५० रुपये आणि व्याज १६,४०० च्या आसपास. प्रक्रिया शुल्क वेगळेच. पाच रात्रींचे पैसे चोवीस महिने फेडत राहायचे, आणि त्या काळात घरात कोणाला दवाखाना लागला तर हप्ता तिथेही आडवा येणार. 'बिनव्याजी हप्ते' म्हणून जे देतात, त्यात शुल्क कुठे धरले आहे ते कागदावर मागा.

आणि सासूबाईंची ठेव सगळी खर्चू नका. त्यांचा मान राखायचा तर त्यांच्या वाट्याचे साठ हजार त्यांच्याकडून आनंदाने घ्या. उरलेले ३ लाख ४० हजार ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या ८.२ टक्के दराने त्यांना दर तिमाहीला सुमारे ६,९७० रुपये हातात येतील. तुमचे दीड लाख आणि त्यांचे साठ हजार मिळून २ लाख १० हजार होतात, आणि सहल त्या रकमेत बसवायची. फुकेतची तिकिटे गळली की बरीच तफावत भरून निघेल. नाही निघाली तर एक रात्र कमी करा. वरखर्चही याच रकमेतून काढायचा आहे, तेव्हा पॅकेज ठरवतानाच वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवा.

तिकडे पैसे कसे न्यायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण गळती तिथेच होते. बाट साधारण पावणेतीन रुपयांना पडतो. क्रेडिट कार्डावर बँका परकी चलनासाठी बहुधा साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४० हजारांच्या खर्चावर १,६५० रुपये वर. थाई एटीएम परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त आकारते, म्हणजे सहाशे रुपये, मग तुम्ही हजार बाट काढा की दहा हजार. म्हणून फॉरेक्स कार्ड घ्या, त्यात बाट भरून ठेवा, आणि थोडी रोख सोबत ठेवा. साठ हजारांचे चलन घेतले तर त्यावरचा जीएसटी फक्त १०८ रुपये होतो, तो काळजीचा विषय नाही. खरा फरक दरात असतो, तेव्हा दोन बँका आणि एक अधिकृत चलन विक्रेता, तिघांना एकाच दिवशी दर विचारा. दुकानातले यंत्र 'रुपयांत की बाटमध्ये' असे विचारेल, तेव्हा नेहमी बाट निवडा. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करायला विसरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवी कार्डे मुळात फक्त देशातच चालतात.

प्रवास विमा थायलंडसाठी सक्तीचा नाही, तरी सासूबाईंचा घ्याच. रक्तदाब, मधुमेह जे काही असेल ते अर्जात लिहा. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो. इथला मेडिक्लेम तिकडे सहसा चालत नाही. औषधे मूळ वेष्टणात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा.

प्रश्न : सहल कंपनीला ९० हजार आगाऊ दिले होते. आता त्यांनी परस्पर तारीख आठ दिवसांनी पुढे नेली आणि किनाऱ्यावरचे हॉटेल बदलून आतल्या भागातले दिले. आम्हाला ते चालत नाही, तर म्हणतात रद्द केल्यास पैसे परत नाहीत, तशी अट आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : 'आम्ही रद्द करतो' असे शब्द तोंडी किंवा लेखी कुठेही वापरू नका. रद्द करण्याची अट तुम्ही माघार घेतलीत तर लागू होते. इथे बदल त्यांनी केला आहे. आजच ईमेल पाठवा : ठरल्या तारखेला, ठरल्या हॉटेलात सहल द्या, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. मुदत पंधरा दिवस. सोबत मूळ कार्यक्रमपत्रिका, पावती आणि बदलाचा संदेश जोडा. पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील तर कार्डाच्या बँकेकडेही लगेच तक्रार नोंदवा.

उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी तुम्ही नाशिकच्या आयोगात तक्रार करू शकता, कारण तक्रारदार राहतो तिथे दाद मागण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. मुदत दोन वर्षे.

प्रश्न : थायलंडला व्हिसा लागत नाही असे ऐकले होते. पण एका संकेतस्थळाने 'डिजिटल आगमन कार्ड' म्हणून माणशी दीड हजार मागितले. भरायचे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : भरू नका. कार्ड मात्र लागते. भारतीय पर्यटकांना जुलै २०२४ पासून ६० दिवसांपर्यंत व्हिसामाफी आहे. हे धोरण थाई सरकार बदलू शकते, म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा पाहा. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, परतीचे तिकीट हवे, आणि विचारले तर माणशी १० हजार बाट किंवा कुटुंबासाठी २० हजार बाट इतके पैसे दाखवता आले पाहिजेत. डिजिटल आगमन कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचे आहे. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे, लहान मुलांसह प्रत्येकाचे वेगळे. थाई इमिग्रेशनच्या खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट जीओ डॉट टीएच' असा संपतो आणि तिथे ते पूर्णपणे मोफत आहे.