शिकारीच्या बंदुकीला दुसरी नळी लावताना

फायरिंग रेंजवर आपण .२२ रायफल हाताळतो. तिच्या नळीत आतून सर्पिल खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. शॉटगनचे तसे नसते. तिची नळी आतून गुळगुळीत असते आणि एका काडतुसातून एकाच वेळी अनेक छर्रे सुटतात. आपल्या गावाकडे तिला छऱ्याची बंदूक किंवा नुसते ‘बारा बोअर’ म्हणतात.

अमेरिकेत ही बंदूक प्रामुख्याने बदके, कबुतरे आणि हरणे यांच्या शिकारीसाठी घेतात. शिकारीचा हंगाम संपला की ती कपाटात पडून राहते. म्हणून तिथले अनेक लोक तिची लांब नळी काढून आखूड नळी लावतात आणि तीच बंदूक घराच्या संरक्षणासाठी ठेवतात. टेक्सासमध्ये राहणारे माझे मामा याच विचारात होते. मी मिलिटरी शाळेत शिकतो म्हणून त्यांनी फोनवर मलाच विचारले, “कोणती नळी घेऊ रे?” मी वाचनालयात बसून वाचले, आमच्या हवालदार उस्तादांना शंका विचारल्या आणि जे समजले ते मामांना लिहून पाठवले. तेच इथे मांडतो.

१. नळी बसली पाहिजे

रेमिंग्टन ८७० ही पंप पद्धतीची बंदूक १९५० पासून मिळते, मॉसबर्ग ५०० साधारण दहा वर्षांनंतर आली. दोन्ही बंदुका रिकाम्या करून मॅगझिनच्या टोकाची टोपी किंवा स्क्रू फिरवून सोडवला की नळी सुटी होते. त्यामुळे एकाच बंदुकीला दोन नळ्या ठेवता येतात. पण एका कंपनीची नळी दुसऱ्या कंपनीच्या बंदुकीला बसत नाही. मॉसबर्गमध्ये तर मॅगझिनच्या लांबीप्रमाणेही नळी वेगळी लागते. म्हणून आधी बंदुकीवर कोरलेले मॉडेल वाचायचे.

२. बोअर आणि चेंबर

एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाच्या १२ समान गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअर. तिचा आतला व्यास सुमारे १८.५ मिमी असतो. २० बोअरची नळी याच हिशेबाने अरुंद असते. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या बंदुकीत घातले तर ते पुढे सरकून नळीत अडकते. मागून १२ बोअरचे काडतूस उडवले की नळी फुटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात.

चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा. ती बहुधा २¾ इंची किंवा ३ इंची असते आणि तसे नळीवर कोरलेले असते. काडतुसाची लांबी त्याचे तोंड उघडल्यानंतरची मोजतात. त्यामुळे ३ इंची काडतूस २¾ इंची चेंबरमध्ये शिरू शकते, पण बार उडताना त्याचे तोंड पूर्ण उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. ‘बसले’ म्हणजे ‘चालेल’ असे इथे समजू नये.

३. चोक

शिकारीच्या नळीचे तोंड बहुधा किंचित निमुळते असते. त्याला चोक म्हणतात. बागेतल्या पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी लांब जाते, तसा चोक छऱ्यांचा पुंजका लांबपर्यंत एकत्र ठेवतो. ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडतात यावरून तो मोजतात. फुल चोकमध्ये सुमारे ७० टक्के, मॉडिफाइडमध्ये ६०, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमध्ये ५० आणि चोक नसलेल्या सिलिंडर नळीत सुमारे ४० टक्के. उडत्या बदकासाठी हा फरक मोठा आहे. घरात अंतर चार-सहा मीटरच असते, म्हणून घरासाठीच्या आखूड नळ्या बहुतेक सिलिंडर असतात.

४. लांबी

बदकांच्या बंदुकीची नळी बहुधा २८ इंच असते. लांब नळी पक्ष्यामागे सफाईने फिरते, पण दारात आणि बोळकांडीत अडकते. म्हणून घरासाठी १८ ते २० इंची नळी घेतात. अमेरिकेत १९३४ च्या कायद्यानुसार शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा किंवा पूर्ण बंदूक २६ इंचांपेक्षा आखूड असेल तर आधी नोंदणी आणि मंजुरी लागते. त्यामुळे दुकानात १८ किंवा १८.५ इंची नळी मिळते. करवतीने घरची नळी कापणे हा गुन्हा ठरू शकतो.

आपल्याकडे नियम आणखी कडक आहेत. शस्त्र कायदा १९५९ मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी परवाना देताना ज्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, तिची नळी किमान २० इंच असावी लागते. परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा आपल्याकडेही गुन्हा आहे. ज्या पालकांच्या घरी आजोबांच्या वेळची परवान्याची बंदूक असेल, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

नळी आखूड झाली की छर्रे खोलीभर पसरतात, नेम धरावा लागत नाही, असे सिनेमात दिसते. ते खरे नाही. छर्रे किती पसरणार हे चोक, काडतूस आणि अंतर ठरवतात. ढोबळ हिशेब दर यार्डाला एक इंच असा आहे. म्हणजे पाच मीटरवर सगळे छर्रे तळहाताएवढ्या जागेत लागतात, काही काडतुसांत त्याहूनही कमी. नेम धरावाच लागतो. आखूड नळीने वेगही फारसा कमी होत नाही, आवाज आणि ज्वाला मात्र वाढतात.

५. भिंतीमागे कोण?

इथपर्यंतचे उत्तर सोपे होते: बंदुकीच्याच कंपनीची, त्याच मॉडेलची आणि बोअरची, योग्य चेंबरची, सिलिंडर चोकची १८.५ इंची नळी. पण उस्तादांनी मला एकच प्रश्न केला, “टार्गेटच्या मागे काय आहे?” रेंजवर टार्गेटमागे मातीचा उंच बांध असतो. घरात काय असते?

अमेरिकेतली बरीच घरे लाकडी सांगाड्याची असतात आणि आतल्या भिंती अर्ध्या इंचाच्या जिप्सम बोर्डाच्या. डबल ओ बकशॉटचा एक छर्रा ८.४ मिमीचा असतो. अशा एका काडतुसात आठ-नऊ छर्रे असतात आणि ते अशा एकाहून अधिक भिंती पार करतात. मी मामांना घराचा नकाशा काढून पाठवायला सांगितला आणि आपण मॅप रीडिंगच्या तासाला काढतो तशा पट्टीने रेषा काढल्या. मामांच्या खोलीच्या दारातून मुख्य दाराकडे जाणारी रेषा माझ्या नऊ वर्षांच्या मामेबहिणीच्या पलंगावरून गेली.

कोणतीही नळी ही रेषा बदलू शकत नाही. ती रेषा पाहून मामींनी ठरवले की रात्री काही आवाज आला तर कोणी बाहेर जायचे नाही. मुलीला आपल्या खोलीत घ्यायचे, दार लावायचे आणि ९११ ला फोन करायचा. मामांनी पहिली खरेदी नळीची केली नाही, कुलपाच्या पोलादी पेटीची केली. काडतुसांना वेगळे कुलूप घेतले. आता ते जवळच्या रेंजवर प्रशिक्षणाला जातात. नळीचा निर्णय त्यानंतर घेणार आहेत.

मित्रांनो, रेंजवर आपल्याला चार गोष्टी रोज ऐकवल्या जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजा. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नका. टार्गेट आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. पहिल्या तीन आपण सवयीने पाळतो. चौथीसाठी रेंजवर बांध असतो, म्हणून तिचा विचार करण्याची वेळ आपल्यावर क्वचितच येते. घरात तो बांध नसतो.