घरचा मास्क स्वस्त कधी पडतो?

घरी शिवलेला मास्क स्वस्त पडतो, हे अर्धंच खरं. नवं कापड आणलंत तर गणित फिरतं. सुती पॉपलीन 70 रुपये मीटर धरू. 36 इंची पन्ह्याच्या एका मीटरमध्ये 9 बाय 7 इंचांचे 20 तुकडे निघतात. तीन पदरी करायचे तर मास्क सहाच, म्हणजे एकेकाला कापडाचेच बारा रुपये. इलॅस्टिकचे दोन-तीन धरा, झाले 15. शिंप्याकडे टाकलात तर शिलाई वेगळी, आणि तिथेच खिसा रिकामा होतो. ऑक्टोबर 2020 मध्ये राज्य सरकारने साध्या तीन पदरी मास्कचा कमाल दर 4 रुपये ठरवला होता. तो मास्क एकदा वापरून टाकायचा, हे मात्र विसरू नका. घरचा वीस धुण्यांना टिकला तर दर खेपेला 75 पैसे पडतात.

जुनं कापड असेल तर जेमतेम इलॅस्टिकचा खर्च. सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबात कोणत्या घरात जुना परकर निघणार नाही? परकराचं पॉपलीन घट्ट विणीचं, मास्कला उत्तम. विरलेलं धोतर नको, टेरिकॉट नको. टेरिकॉटमध्ये घाम जिरत नाही. कापड उन्हासमोर धरा, पलीकडचं दिसलं तर बाजूला टाका. इलॅस्टिकऐवजी त्याच कापडाच्या नाड्या लावल्या तर तेही पैसे वाचतात, आणि धुऊन सैल पडण्याची कटकट राहत नाही.

मोठ्यांसाठी 9 बाय 7 आणि मुलांसाठी 7 बाय 5 ही मापं केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाने 2020 च्या मार्चअखेर काढलेल्या पुस्तिकेतली. मधोमध तीन चुण्या घाला, कडा दुमडा. मशीन नसेल तर बारीक धावदोराही चालतो. नाकावर बसायला वरच्या कडेत मोडक्या वायरीतली तांब्याची तार घाला. बांधकामाची बाइंडिंग तार गंजते आणि धुतल्यावर कापडाला डाग पडतात.

धुण्याचा खर्च लोक धरतच नाहीत. वापर झाला की साबण आणि गरम पाणी, मग पाच तास कडक ऊन. पावसाळ्यात मीठ घातलेल्या पाण्यात 15 मिनिटं उकळा. माणशी दोन मास्क हवेतच. एक वाळत, एक तोंडावर. सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हाचं बिल येत नाही, एवढं बरं आहे.

गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्यांची धूळ, तुरीची मळणी, घरातली सर्दी, एवढ्याला हा मास्क बऱ्यापैकी कामाचा. क्षयाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्याने मात्र एन-95 च घ्यावा. 2020 मध्ये राज्याने एन-95 चे दर 19 रुपयांपासून पुढे बांधले होते. आज दुकानात भाव विचारून घ्या.

द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीला तर हा मास्क अजिबात लावू नका. कापड औषध शोषून घेतं आणि ओला फडका तासन्‌तास नाकातोंडाशी राहतो. यवतमाळमध्ये 2017 साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावरच्या सूचना आधी वाचा आणि त्यात सांगितलेला फिल्टरचा मास्क घ्या. तो कापडी मास्कच्या कितीतरी पट महाग पडेल. औषधाच्या खर्चाचा हिशेब करतानाच त्याचे पैसे बाजूला काढा, आणि फवारणीला मजूर लावत असाल तर त्याच्यासाठीही एक घ्या.