नाताळची चांदणी

नागपूर शहराच्या उत्तर भागात जरीपटका नावाची मोठी वस्ती आहे. जरीपटका म्हणजे मराठ्यांच्या फौजेपुढे डौलाने फडकणारे जरीचे निशाण. नाव असे लढाईतले. परंतु १९४७ सालच्या फाळणीनंतर येथे येऊन राहिली ती सिंधमधील आपले घरदार मागे टाकून आलेली निर्वासित कुटुंबे. जवळच इंदोऱ्यास बौद्धांची वस्ती, तर मार्टिननगरात ख्रिस्ती कुटुंबांची घरे. त्यामुळे चेटीचंड, बुद्धपौर्णिमा, दिवाळी आणि नाताळ असे सारे सण येथील मुलांना घराच्या ओट्यावरूनच पाहावयास मिळतात. बालमित्रांनो, ह्यांपैकी नाताळच्या तयारीचा एक भाग आज आपण पाहू. कारण तो भाग हातांनी करावयाचा आहे.

‘नाताळ’ हा शब्द आपल्या भाषेत पोर्तुगीजांकडून आला. त्याचा मूळ अर्थ जन्म. २५ डिसेंबर हा येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस मानला जातो. त्याच्या जन्माच्या वेळी पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना एका ताऱ्याने बेथलेहेमची वाट दाखविली, अशी बायबलात कथा आहे. म्हणूनच नाताळात ख्रिस्ती घरांच्या दारावर चांदणी टांगतात. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले, तेव्हापासून पाहिले तरी हा सण ह्या शहरात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ साजरा होत आहे. आता तो इतका आपला झाला आहे की, केकच्या शेजारी ताटात करंज्या आणि शंकरपाळेही असतात, आणि चांदणीचे सामान तर सारे दिवाळीच्या आकाशकंदिलाचेच! कामट्या त्याच, पतंगाचा कागद तोच, दोरा तोच. तेव्हा दिवाळीत उरलेल्या कामट्या फेकून देऊ नका.

चांदणीस एकसारख्या दहा कामट्या लागतात. प्रत्येक कामटी ६० सेंटिमीटर लांब घ्यावी आणि चाकूने घासून गुळगुळीत करावी, नाहीतर बांबूची कूस बोटात जाते. पेन्सिल न उचलता कागदावर पाच टोकांची चांदणी तुम्ही काढताच. त्या पाच रेघांच्या जागी पाच कामट्या ठेवा, म्हणजे सांगाडा तयार झाला. परंतु नुसत्या अंदाजाने बांधलेली चांदणी बहुधा लंगडी होते. एक टोक लांबट, तर दुसरे बसके. ह्यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोकांपासून सुमारे २३ सेंटिमीटरवर एकेक खूण करावी. मध्ये साधारण १४ सेंटिमीटर उरतात. कामट्या एकमेकींना ह्या खुणांवरच ओलांडतील अशा मांडाव्यात. एक वरून, एक खालून, अशा गुंफाव्यात. पाचही टोके आधी सैल बांधावीत, खुणा जुळल्या की मगच गाठी आवळाव्यात. आता कोनमापक लावून पाहा. प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंश भरेल. पाचांची बेरीज १८० अंश, म्हणजे त्रिकोणाच्या तीन कोनांइतकीच!

जर्मनीतील नीस्की ह्या गावी मोरेव्हियन पंथाची एक शाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे भूमितीचा पाठ म्हणूनच कागदाच्या अनेक टोकांच्या चांदण्या करीत. पुढे त्या घरोघरी नाताळात टांगल्या जाऊ लागल्या. भूमिती अवघड वाटणाऱ्या मुलांस हे अवश्य सांगावे.

असाच दुसरा सांगाडा करून पहिल्यावर ठेवावा आणि दोहोंची पाच टोके एकत्र बांधावीत. मग जेथे कामट्या एकमेकींना ओलांडतात, त्या आतल्या पाच ठिकाणी दोन्ही सांगाड्यांच्या मध्ये चार बोटे लांबीच्या काड्या उभ्या बांधाव्यात. त्यासरशी चांदणीचे पोट फुगते आणि ती जिवंत दिसू लागते. कागद कामटीवर दुमडता यावा म्हणून बोटभर मोठा कापावा. चिकटविण्यास मैद्याची खळ उत्तम. मैदा प्रथम गार पाण्यात कालवावा, गुठळ्या मोडाव्यात, आणि मगच मंद आचेवर शिजवावा. पुस्तकबांधणी करणारे खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, आपणांस त्याची गरज नाही. बाजूची एक पट्टी न चिकटविता ठेवावी, तेथून दिवा आत जातो. पूर्वी पणती ठेवीत आणि वाऱ्याची झुळूक आली की कागद पेटत असे. आता एलईडीचा लहान दिवा लावता येतो. तो फारसा तापत नाही. तरीही जोडणी घरातील मोठ्या माणसांकडूनच करून घ्यावी.

चांदणी दारावर लागते, ती येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांसाठी असते. शुभेच्छापत्र मात्र एकाच माणसासाठी असते. नाताळच्या छापील शुभेच्छापत्राचा जन्म मोठा मजेदार आहे. लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक अतिशय कामसू गृहस्थ होते. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि पत्रांचा सुकाळ झाला. नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरे द्यावयास कोलसाहेबांस सवड कोठली! त्यांनी १८४३ साली जॉन हॉर्सली ह्या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापविल्या. रंग मात्र हातानेच भरले होते. एका प्रतीची किंमत एक शिलिंग, म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेरचीच. अशा रीतीने छापील शुभेच्छापत्र वेळ वाचविण्यासाठी जन्मास आले. हाताने केलेले पत्र नेमके ह्याच्या उलट असते. त्यात आपण दुसऱ्यास आपला वेळच देत असतो.

आणखी एक हकीकत ऐका. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील एका खेड्यातील मुलांना ‘युनिसेफ’ ह्या संस्थेकडून मदत मिळाली. त्याच सुमारास इकडे निर्वासितांची कुटुंबे नेसत्या वस्त्रांनिशी भारतात उतरत होती. त्या खेड्यातील यितका साम्कोवा ही सात वर्षांची मुलगी. तिला आभार मानावयाचे होते, पण चित्र काढण्यास कागद कोठून आणावा? तिने काचेवर चित्र रंगविले. फितींनी सजविलेल्या खांबाभोवती मुले फेर धरून नाचत आहेत, असे ते चित्र होते. शिक्षकांनी ते युनिसेफकडे धाडले आणि १८४३ नंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९४९ साली, तेच त्या संस्थेचे पहिले शुभेच्छापत्र ठरले.

आपल्याजवळ तर कागद आहे. वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडून पाहा. एका दिशेने तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. जाड कागदाची घडीही ज्या दिशेने तो सहज वाकतो त्याच दिशेने घालावी, म्हणजे कड फुटत नाही. हातकागदास अशी दिशा जवळजवळ नसते. नागपूरजवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने ह्या कागदाच्या उद्योगास उत्तेजन दिले होते.

वर लावण्यास पिंपळाचे जाळीदार पान घ्या. पिकू लागलेले, न फाटलेले पान दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावे. पाण्यास दुर्गंधी येते, म्हणून ते दोन दिवसांआड बदलावे. गर कुजून सैल झाला की मऊ ब्रशाने हळुवार झाडावा, आणि उरलेली शिरांची जाळी टीपकागदात दाबून वाळवावी. तथागत ज्या वृक्षाखाली बसले, त्या वृक्षाचे पान नाताळच्या पत्रावर लागलेले ह्या वस्तीत कोणास नवल वाटावयाचे नाही. घाई करणारी मुले गर नखाने खरवडतात. त्यांचे पान हमखास फाटते.

आतील मजकूर छापील पत्रातून उतरवून घेऊ नका. ‘आत्या, तू विणलेला स्वेटर अंगात घालूनच हे लिहीत आहे,’ ह्या एका ओळीपुढे सोनेरी अक्षरांच्या चार ओळी फिक्या पडतात. पत्र परगावी जावयाचे असल्यास आठ-दहा दिवस आधी टपालात टाकावे. वाळलेले पान दुमडले की मोडते. त्याकरिता पाकिटात पत्रासोबत पातळ पुठ्ठा घालावा, आणि तिकिटाच्या कोपऱ्याखाली पान येणार नाही असे पाहावे. शिक्का तेथेच जोराने बसतो.