विडी-सिगारेट नाही, म्हणून कॅन्सर नाही?

एक्स-रेवर आईच्या डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग दिसला आणि डॉक्टरांनी लगेच टीबीची औषधं सुरू केली. थुंकीत जंतू सापडले नव्हते. टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी केलीच नाही. सीटी स्कॅनचं विचारलं, तर फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, ‘‘विडी-सिगारेट नाही ना? मग कॅन्सरचं डोक्यातून काढून टाका.’’

गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची, अन्नावरची वासना गेली. वजन उतरत गेलं, खोकला तसाच. खांदा दुखतो म्हटलं, तर ‘‘या वयात व्हायचंच.’’ दर वेळी एकच, ‘‘कोर्स पूर्ण करा.’’

शेवटी मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण निवासी डॉक्टरबाईंनी फिल्म बघण्याआधी आईचे हात हातात घेतले. ‘‘आजी, दोन्ही तर्जनींची नखं पाठीला पाठ लावा बरं.’’ एरवी नखांच्या मुळाशी शंकरपाळ्यासारखी बारीक फट दिसते. आईच्या नखांमधून उजेडाची रेघही येत नव्हती. बोटांची टोकं फुगली होती. फुप्फुसाच्या कर्करोगात असं होऊ शकतं. त्याला इतरही कारणं असतात, पण बाईंनी तिथेच सीटी लिहिलं. बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार निघाला. आधीच्या डॉक्टरांनी इतक्या महिन्यांत एकदाही तिचा हात बघितला नव्हता. रिपोर्ट दाखवला तर म्हणाले, ‘‘आपल्याकडे टीबीच जास्त, असं होतं कधीकधी.’’ होतं, हे ठाऊक होतं, तर मग तपासलं का नाही?

आईचा जन्म चुलीपुढे गेला. लाकडाचा धूर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरला जातो. हवेचं प्रदूषण तर २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कारण ठरवलं. तंबाखूला न शिवलेल्यांनाही हा आजार होतो.

थुंकीत जंतू नसतील, तर टीबी कशावरून ठरवला, हे स्पष्ट विचारा. दोन महिन्यांत उतार नसेल, तर सीटी आणि बायोप्सीसाठी अडून बसा. जुन्या फिल्म टाकू नका. नवी शेजारी ठेवून बघायला लावा. टीबी खरोखर सिद्ध झाला असेल, तर मात्र गोळ्या मध्येच सोडू नका. तब्येतीची हेळसांड करू नका, दुसरं मत घ्या. आणि ॲडेनोकार्सिनोमा निघालाच, तर केमो ठरवण्याआधी बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतले बदल तपासायला सांगा. आईचा ईजीएफआर पॉझिटिव्ह आला, म्हणून तिला कर्करोगावरची रोजची गोळी मिळाली.