आधी एक फिल्म कर गं

बाय माझी, संस्थेने तुला डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके दिले आणि वर्षभरात ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर वापरणारी माणसं वाढवून दाखव म्हटलं, हे ऐकून बरं वाटलं. पण तू लगेच शिबिरांचं वेळापत्रक आखायला बसलीस, तेव्हा मला बोलल्याशिवाय राहवेना. दोन दिवस, प्रोजेक्टर, खुर्च्या, वडापाव आणि शेवटी प्रमाणपत्र. अशा शिबिराला पोरं येतात गं, भरपूर येतात. हजेरीचा कागद भरतो, फोटो निघतात. महिन्याभराने विचार, ‘पुन्हा उघडलं होतं का?’ की सगळ्यांच्या माना खाली. घरी कॉम्प्युटर नसतो, आणि असला तरी तो उघडून करायचं काय, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

माझं ऐकशील तर शिबिर मागे ठेव. आधी एक फिल्म कर. तीनच मिनिटांची, इथलीच, इथल्या चार-सहा जणांना सोबत घेऊन. आणि ती झाली की तिच्या सगळ्या फायली मागेल त्याला देऊन टाक.

ब्लेंडर असंच वाढलंय. हॉलंडच्या टॉन रूसेंडालची कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा लोकांनीच सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा करून सॉफ्टवेअर सोडवून घेतलं आणि १३ ऑक्टोबरला ते सगळ्यांसाठी खुलं झालं. ही गोष्ट तुझे वरिष्ठ प्रत्येक भाषणात सांगतील. पण फुकट मिळालं म्हणून ते पसरलं, हे मला अर्धंच खरं वाटतं. फुकटची सॉफ्टवेअरं तेव्हाही ढिगाने पडली होती. फरक पडला तो फिल्म करायला घेतल्यावर. २००६ मध्ये ‘एलिफंट्स ड्रीम’ आली, २००८ मध्ये ‘बिग बक बनी’. ॲमस्टरडॅममध्ये कलाकार फिल्म करत होते. त्यांचं जिथे अडलं तिथे प्रोग्रामर सॉफ्टवेअर दुरुस्त करत होते. फिल्मबरोबर तिच्या कामाच्या फायलीही लोकांना मिळाल्या. ‘बनी’तला ससा चालतो कसा, त्याची लव हलते कशी, हे शिकणाऱ्यांना फाइल उघडून, खोलून बघता आलं. मग २०१९ मध्ये ब्लेंडर २.८० आलं आणि डाव्या क्लिकने वस्तू निवडायची सोय आपोआप लावलेली मिळू लागली. त्याआधी उजव्या क्लिकला वैतागून किती जण पळाले असतील, देव जाणे. आणि २०२५ मध्ये लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिसच्या ‘फ्लो’ला ऑस्कर मिळालं. तीही ब्लेंडरमध्येच केलेली, आणि तीत एकही संवाद नाही. हे ध्यानात ठेव, कारण तुझ्याकडे एकाच वर्गात वारली, कोकणा, मराठी आणि गुजराती बोलणारी पोरं बसणार आहेत.

आता फिल्म कशाची, हे मला विचारूच नकोस. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. पण त्यांच्यामागे दोन्ही तालुक्यांत तयार हातांची कमतरता नाही. फक्त एक अडचण आधी समजून घे. वारली चित्रात सगळा काळ एकाच वेळी भिंतीवर पसरलेला असतो. इकडे पेरणी, तिकडे लग्न, वर झाडावर चढलेला माणूस. आधी काय नि नंतर काय, हे बघणाऱ्याच्या नजरेवर. आपण ॲनिमेशनवाले तोच काळ टाइमलाइनवर एकापुढे एक मांडतो. चित्रकाराला हा बदल तोंडी सांगून कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी त्याला काही काढायलाच लावू नकोस. त्याचंच एखादं मोठं चित्र चांगल्या उजेडात टिपून ब्लेंडरमध्ये आण, समोर कॅमेरा ठेव आणि त्याला विचार, ‘काका, आधी कुठे बघू?’ ते बोट ठेवतील तिथे कॅमेरा नेऊन कीफ्रेम लाव. ‘मग कुठे?’ तिथे दुसरी. चार-पाच झाल्या की स्पेसबार त्यांनाच दाबू दे. आपल्याच चित्रातून आपण चाललोय असं त्यांना दिसेल, आणि नवी रेघ एकही काढावी लागलेली नसेल. एका दुपारचं काम आहे हे.

दुसऱ्या खेपेला तारप्याचा नाच घे. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण. एरवी कटआउट करताना सांधा कुठे द्यायचा हे शोधत बसावं लागतं. इथे कमरेला तो आयता मिळतो. एक नाचणारा हलला की त्याच्या प्रती गोल वाटेवर बसव आणि प्रत्येकाची पावलं एक-दोन फ्रेम मागेपुढे कर, नाहीतर कवायत वाटेल. सगळं हाताने काढायचं म्हटलं तर सेकंदाला बारा चित्रं धरूनही मिनिटाला ७२० होतात, तेवढा धीर पहिल्या फिल्मला कुणाकडे नसतो. नाच कुठल्या अंगाने वळतो, पाय कधी आपटतो, हे मात्र नाचणाऱ्यालाच विचार. आणि ब्लेंडरच्या ग्रीस पेन्सिलने काढायला लागलीस तर रेघ गुळगुळीत करणारी सेटिंगं कमी कर. बांबूच्या काडीची रेघ थोडी थरथरते, तिची मजा त्यातच आहे. फार सफाईदार झाली की ती विमानतळावरच्या दुकानातल्या मगवरची वारली दिसते.

लग्नात भिंतीवर काढतात तो लग्नचौक आणि त्यातली पालघट देवी यांना हात लावण्याआधी लग्न लावणाऱ्या धवलेरीला आणि घरातल्या मोठ्या बायकांना विचार. त्या नको म्हणाल्या तर नको. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेही नीट वाचून ठेव. चित्र ज्याचं त्याचं नाव फिल्मच्या सुरुवातीला येऊ दे, शेवटच्या पळत्या यादीत नको.

बायकांवरून आठवलं. चौक मुळात सवाशिणींचा. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी कागद आणि रंग पाड्यांवर नेले, चित्रं शहरात विकली जाऊ लागली, आणि बघता बघता प्रसिद्धी पुरुषांच्या वाट्याला गेली. लॅपटॉपचंही तसंच होणार बघ. घरात एकच आला तर तो भावाकडे जातो. म्हणून तुझी मशीन मुलींच्या वसतिगृहात किंवा तलासरीच्या कॉम्रेड गोदावरी परुळेकर कॉलेजात ठेवता येतील का ते आधी बघ. आश्रमशाळांसाठी डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात अर्ज द्यावा लागेल. वेळही अशी ठेव, की शेवटची जीप चुकणार नाही. मुलगी दोनदा उशिरा घरी गेली की तिसऱ्यांदा येत नाही, आणि त्याचं कारण ती तुला सांगतही नाही.

शाळेतल्या जुन्या लॅबवर विसंबू नकोस. ब्लेंडर ४.० पासून ओपनजीएल ४.३ चालवणारं ग्राफिक्स लागतं. जुन्या मशीनवर ते सुरूच होत नाही आणि पोराला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं. तिथे पेन्सिल टूडी दे, सिनफिग दे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सिनफिगचेही धडे आहेत आणि ब्लेंडरचेही, ते उतरवून पेनड्राइव्हवर ठेव. फोनवर फ्लिपाक्लिपमध्ये काड्यांची माणसं पळवणारी पोरं हुडकून काढ. तुझ्या आकड्यात ती बसणार नाहीत, न बसू देत. पुढे ब्लेंडर मागणारी तीच असतील.

दिवस बघून काम धर. लावणीत कुणी यायचं नाही, आणि भात झोडून झालं की कितीतरी घरं वीटभट्टीवर, मासेमारीच्या बोटींवर, उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत. गणपती ते कापणी एवढाच काय तो मोकळा वेळ. फिल्म दाखवायची ती चैत्री पौर्णिमेनंतर, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत. चादर बांध, रात्री लाव.

आणि पैसे. हे कुणी बोलत नाही, पण सॉफ्टवेअर टिकतं ते पैशावर. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लग्नपत्रिकांचे व्हिडिओ बघ, त्यात वारली नवरा-नवरी हमखास असतात, आणि ते काढणारा बऱ्याचदा वारली नसतो. हे काम आपल्या पोरींकडे यायला हवं. पहिली पत्रिका तू मिळवून दे, दुसरीला त्यांनाच गिऱ्हाइकाशी बोलू दे, आणि भाव त्यांच्याबरोबर बसून ठरव. आपसात भाव पाडायचा नाही, हे त्याच दिवशी ठरवून घ्या. ज्या मुलीला तीन पत्रिकांचे पैसे मिळाले, तिला ब्लेंडर उघड म्हणून सांगावं लागत नाही.

वरच्यांना अहवाल देताना शिबिराला आलेल्यांचा आकडा हवा तर दे, पण शेजारी दुसरा रकाना काढ. तू नसताना, तिसऱ्या महिन्यात, कुणी कुणी नवी फाइल केली? तो आकडा लहान असेल. साहेब भुवया उंचावतील, उंचावू देत. त्याच रकान्यातली नावं पुढच्या वर्षी शिकवणारी होतील, आणि तुझा पगार त्यांनी थोडा वाटून घ्यावा असं मला वाटतं. संस्थेकडे त्यांच्या मानधनाचा मुद्दा आत्ताच काढ, नंतर बजेट संपलेलं असतं.

पहिली फाइल मला पाठव, बघून सांगते. पण चित्रं आतमध्ये पॅक करून पाठव हं, ‘एक्स्टर्नल डेटा’मध्ये जाऊन. नाहीतर माझ्याकडे अख्खं गंजाड गुलाबी दिसेल.