लॉ कॉलेजांचे किती अर्ज भरू?

प्रश्न : मी बी.कॉम. असून सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत पाळीने काम करतो. तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी दिली आहे. निदान दहा कॉलेजांचे अर्ज भर, असे मित्र सांगतात. एवढी फी कशी परवडायची?
– एक वाचक, चिंचोळी

उत्तर : दहा अर्ज नाहीत, आणि दहा फियाही नाहीत. सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत (कॅप) नोंदणी एकच. कॉलेजे पसंतीक्रमाने भरायची. यादी लांबली म्हणून खर्च वाढत नाही. संस्थास्तरावरील जागा आणि खासगी विद्यापीठे यांचे अर्ज तेवढे वेगळे.

तुमचा खरा प्रश्न हजेरीचा आहे. बार कौन्सिलच्या 2008च्या नियमांनुसार प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते. पत्रद्वारा घेतलेली एलएल.बी. वकिलीला चालत नाही. नोकरी टिकवायची तर सोलापुरातलीच कॉलेजे वर ठेवा, आधी तासांच्या वेळा विचारा, पाळीबाबत साहेबांशी बोला. पुण्याचे आयएलएस नावाजलेले खरे, पण नोकरी सोडणार असाल तरच ते यादीत घाला. मित्रांच्या आग्रहाखातर एकही नाव भरू नका. जिथे खरोखर जाल, तीच कॉलेजे लिहा. चार-पाच झाली तरी पुरे.